खैरनारांचं शटर

मी एकदा एका रिमोटला पंचामृताची आंघोळ घातली होती.

तुम्ही बरोबर वाचलंत. दूध, दही, तूप, मध, साखर, मग पळीभर पाणी आणि वर तुळशीचं पान. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अजाणतेपणी झालं असंही म्हणायची सोय नाही. कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष होते. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. आज नातवंडं ओल्या हातानं मोबाइल धरतात तेव्हा मी ओरडते खरी, पण आवाज जरा बेतानंच लावते.

बरं, तो रिमोट माझाही नव्हता. शेजारच्या खैरनारांच्या गॅरेजच्या शटरचा होता. आणि खैरनारांची वस्तू बिघडवणं म्हणजे काय, हे कळायला आधी खैरनार कळायला हवेत.

खैरनार मूळचे कळवणकडचे. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नाकारायच्या. असं काम तीस वर्षं केलं की माणूस रिटायर होतो, त्याची खोड होत नाही. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे व्हर्नियर ठेवायचे, म्हणजे जाडी मोजायचं ते जबड्याचं स्टीलचं हत्यार. जगात त्यांच्या लेखी तीनच जाती होत्या : पास, रिजेक्ट आणि रीवर्क.

पंचवटीच्या भाजीबाजारात भेंडीवाली त्यांना लांबून बघूनच टोपलीवर गोणपाट टाकायची. "आला गं मोजणारा बाबा!" माझ्या पुरणपोळीला त्यांनी होळीच्या दिवशी, भर पंगतीत, व्हर्नियर लावला. "मध्ये तीन मिलिमीटर, कडेला पाच. रीवर्क, वहिनी." रीवर्क म्हणे! चार तास पुरण वाटून हाताचे तुकडे पडलेले असताना! माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा हे कुंपणावरून डोकावले आणि मुलगा गेटबाहेर पडताच निकाल दिला, "पास आहे. पण कडा घासाव्या लागतील." तो मुलगा आज माझा जावई आहे. कडा अजून घासायच्याच आहेत, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसानं एके दिवशी गॅरेजच्या शटरला मोटार बसवली.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत तेव्हा निम्म्या घरांना गॅरेजच नव्हतं. ज्यांना होतं ते त्यात कांदे ठेवायचे. खैरनारांकडे एक जुनी पांढरी गाडी होती आणि तिच्यासाठी हे विजेवर चालणारं शटर. बटण दाबलं की शटर घरघरत वर जायचं. मोटारीबरोबर रिमोट आले दोन. त्यातला एक खैरनारांनी पहिल्याच दिवशी हॅक्सॉनं मधोमध कापला.

"अहो, हे काय केलंत?" मी कुंपणावरून विचारलं.

"डिस्ट्रक्टिव्ह टेस्ट. लॉटमधला एक नग तोडून बघावाच लागतो."

"पण लॉटच दोनाचा आहे!"

"नियम म्हणजे नियम, वहिनी."

राहिला एक. तो त्यांनी बायकोच्या हातात दिला.

त्यांची बायको सिंधूबाई. त्याच उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, उजव्या बाजूला. पाय हळूहळू सुधारला, भिंतीला धरून त्या चालायला लागल्या. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. शेतात वाढलेली बाई, पहाटे उठून दोन माणसांचं काम एकटी उरकणारी, ती दिवसभर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून. आणि त्या निकामी उजव्या हातात हा रिमोट.

मला दिसत सगळं होतं. कळत मात्र काडीचं नव्हतं. मी मंडळात सांगत सुटले, "बायको अंथरुणाला खिळलीय आणि या बाबाला मोटार सुचतेय! वर तिलाच बटण दाबायला बसवलंय. दरवान ठेवलाय जणू."

कारण तमाशा रोजचाच होता. खैरनार गाडी घेऊन निघायचे. कशाला? तर काडेपेटी आणायला. काडेपेटी घेऊन आले की गेटात उभं राहून हॉर्न : पीं पीं. मग गाडी बंद करून, खाली उतरून, काच पुसत उभे. दोन मिनिटं, चार मिनिटं, एकदा तर मी घड्याळ लावून पाहिलं, सात मिनिटं. मग कुठे शटर वर जायचं. तासाभरानं पुन्हा गाडी बाहेर. कोथिंबीर आणायला. पुन्हा पीं पीं. मग लिंबू. संध्याकाळी मिरच्या. कोथिंबीर, लिंबू आणि मिरच्या एकाच खेपेत आणता येतात, हे कळायला इन्स्पेक्शनची तीस वर्षं पुरली नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीला गाडीतून फिरवणारा उभ्या नाशकात हा एकच माणूस.

एकदा मी तोंडावर विचारलं, "घरातून जाऊन भिंतीवरचं बटण दाबायला काय होतं तुम्हाला? पाच पावलं आहेत."

"आत ऑपरेटर बसलाय ना," खैरनार काच पुसत म्हणाले. "मी कशाला मध्ये पडू?"

लाटसाहेब! त्या दिवशी माझ्या पोळ्या रागानं करपल्या.

मग आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा खैरनारांकडे दणक्यात व्हायची. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, पक्कड, सगळं पाटावर ओळीनं, उंचीप्रमाणे. पूजा दरवर्षी सिंधूबाई करायच्या. यंदा त्यांना जमणार नव्हतं, म्हणून मी पुढे झाले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला कुठेच कुणी बोलवायचं नाही, मी पुढे व्हायची.

खैरनारांनी अट घातली, "पूजा कोरडी. पाणी नाही. गंज चढतो."

"हो हो," मी म्हटलं. मनात म्हटलं, देवाला कोरडं ठेवतात का कुठे?

ते हत्यारांवर डोळ्यांत तेल घालून उभे होते, तोवर मी हळद-कुंकवावर भागवलं. मग ते गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला बाहेर गेले. सिंधूबाईंनी मांडीवरचा रिमोट डाव्या हातानं उचलून मला दिला. "ताई, यालाबी वहा दोन फुलं. मना हत्यार शे हे."

माझं हत्यार आहे हे, असं त्या बाई म्हणाल्या. दुसरी एखादी असती तर त्या वाक्यापाशी क्षणभर थांबली असती. मी थांबले नाही. मला वाटलं, बिचारीचं एकच हत्यार, त्याची तरी यथासांग पूजा होऊ दे. ताम्हनात ठेवलं, पंचामृत घातलं, पाणी घातलं, पदरानं पुसलं, तुळशीचं पान ठेवलं आणि खैरनार आत यायच्या आत पाटावर मांडून हात जोडून उभी राहिले. चेहऱ्यावर असं पावित्र्य, की मलाच माझं कौतुक वाटलं.

दसऱ्याच्या दिवशी शटर आपोआप वर गेलं. मग खाली आलं. मग अर्ध्यात थांबलं. सोनं द्यायला आलेली माणसं दारात थांबून शटरचाच खेळ बघायची. मधानं बटण आत चिकटलं होतं. तिसऱ्या दिवशी रिमोटला लाल मुंग्या लागल्या आणि चौथ्या दिवशी तो गेला.

"सेल संपला असेल," मी म्हटलं. खोटं बोलताना मी नेहमी पदर सारखा करते, तसा केला.

खैरनारांनी रिमोट उघडला, भिंग लावलं, वास घेतला. मग कारखान्यातून आणलेला छापील कागद काढून त्यावर शांतपणे लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "रिजेक्शन नोट. आत सापडलेले बाहेरचे पदार्थ : मध, दही, साखर. तुळशीचं पान, नग एक. मुंग्या, नग सात. दोष कुणाचा..." इथे त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ती ओळ कोरी सोडली.

त्या कोऱ्या ओळीनं माझी झोप उडवली. लिहिलं असतं तर मी भांडले असते.

पुढचे तीन आठवडे गाडी गेटाबाहेर ताडपत्रीखाली पडून होती. भिंतीवरचं बटण ठणठणीत होतं, तरी त्याला हात लावायला खैरनार तयार नाहीत. कोथिंबीर बंद, लिंबू बंद, पीं पीं बंद. खिडकीत सिंधूबाई तशाच बसलेल्या, हात मांडीवर उताणा. रिमोट होता तेव्हा बोटं निदान काहीतरी चाचपत असायची. आता ती आत वळायला लागली होती, मुठीसारखी. तेही मला दिसत होतं. मी म्हटलं, थंडी पडायला लागलीय.

शेवटी मीच म्हटलं, "चला, नवीन रिमोट घेऊन येऊ. मी येते." भरपाईच्या भावनेनं नाही, त्या कोऱ्या ओळीच्या भीतीनं.

शालिमारजवळच्या गल्लीत पहिल्या दुकानातल्या पोरगेल्या मालकानं काळा चकचकीत रिमोट काचेवर आपटला. "युनिव्हर्सल आहे काका. कुठल्याही शटरला चालतो."

"कुठल्याही म्हणजे कुठल्या?"

"कुठल्याही."

"लिहून दे."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागले. खैरनारांनी पिशवीतून खोडरबराचा तुकडा काढला, रिमोटच्या बटणावर ठेवला, आणि मग किराणावाल्याकडे असतात तशी पितळी वजनं काढून त्या रबरावर एकावर एक रचायला लागले. पन्नास ग्रॅम. शंभर. दीडशे. दोनशेला रिमोटचा लाल दिवा लागला.

"रिजेक्ट."

"काका, रिमोट घ्यायला आलात की भाजी?"

"बटण दाबायला दोनशे ग्रॅम लागतात. दीडशेच्या आत पाहिजे."

"दीडशेच का?" हे मी विचारलं.

"ड्रॉइंगमध्ये तसं आहे."

कसलं ड्रॉइंग, कुणाचं ड्रॉइंग, विचारायची सोय नाही. दुसऱ्या दुकानात एकशेऐंशी, रिजेक्ट. तिसऱ्यात दिवाच लागला नाही, रिजेक्ट. चौथ्यात बटण इतकं बारीक होतं की रबरच घसरला आणि वजनं गडगडत रस्त्यावर गेली. मी, महिला मंडळाची अध्यक्ष, रिक्षांच्या गर्दीत वाकून पन्नास ग्रॅमचं वजन शोधत होते.

चौथा दुकानदार मात्र जाणता होता. म्हणाला, "जुना रिमोट घेऊन या ना. दोन्ही समोरासमोर धरायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा शिकून घेतो."

"जुना वारला," खैरनार म्हणाले.

"कशानं?"

"देवाधर्मानं."

तेवढं बोलून ते माझ्याकडे न बघता उभे राहिले. न बघण्याचंही प्रमाण असतं. खैरनारांचं अगदी मापात होतं.

"मग मोटारीकडूनच शिकवा," दुकानदार म्हणाला. "वर मोटारीच्या डब्यात बारीक बटण असतं. ते दाबलं की दिवा लागतो, दहा सेकंद राहतो. तेवढ्यात नवा रिमोट दाबायचा. दिवा विझला की पुन्हा पहिल्यापासून."

पाचव्या दुकानात धूळ खात पडलेला एक बोजड, साबणाच्या वडीएवढा रिमोट निघाला. बटण रबरी, रुपयाएवढं. एकशेवीस ग्रॅमला दिवा लागला. खैरनारांनी वजनं उतरवून तीनदा तपासलं. मग म्हणाले, "पास." तीस वर्षांत त्यांनी हा शब्द इतक्या हळू उच्चारला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी धरायला गेले. गॅरेजमध्ये माझा तो पहिलाच प्रवेश. एरवी "धूळ येते" म्हणून ते कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. सिंधूबाईंना खुर्चीसकट आणून बसवलं होतं, नवा रिमोट उजव्या हातात. खैरनार एकेक पायरी थांबत वर चढले. गुडघे असे वाजत होते की मोटारीला तेल द्यावं की यांना, कळेना.

"ऑपरेटर तयार?"

"हां."

"लागला दिवा. दाब!"

सिंधूबाईंचा अंगठा बटणाकडे निघाला. निघाला म्हणजे, निघायचं ठरवलं. दिवा विझला.

खैरनार खाली उतरले, त्यांचा हात नीट बसवला, पुन्हा वर चढले. दिवा. विझला. पुन्हा खाली, पुन्हा वर. चौथ्या वेळी माझा धीर सुटला. "अहो, आणा इकडे!" म्हणत मी रिमोट घेतला आणि दाबला. खट्! शटर घरघरत वर गेलं, पुन्हा दाबलं तशी खाली आलं. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं. सर्टिफिकेट उगाच नव्हतं मिळालं.

खैरनारांनी वरूनच डब्यातलं ते बारीक बटण दाबून धरलं, चांगलं पंधरा सेकंद. माझं शिकवलेलं सगळं पुसून टाकलं.

"रिजेक्ट. ऑपरेटर चुकीचा."

"शटर उघडलं ना? मग कुणी का दाबेना!"

त्यांनी फक्त भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर आलेखाचा कागद डकवला होता, कारखान्यात लावतात तसा. खाली तारखा. बाजूला ग्रॅम. आणि शेजारी फळीवर स्वयंपाकघरातला छोटा काटा. पहिलं टिंब चाळीस ग्रॅमवर होतं. मग चाळीसच, मग पंचेचाळीस. टिंबं हळूहळू वर चढत गेली होती, मधेच एखादं खाली, पुन्हा वर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचं टिंब होतं एकशेचौपन्नवर. त्यापुढे कागद कोरा.

"रोज रात्री काट्यावर अंगठा दाबून घेतो," खैरनार शिडीवरूनच, मोटारीकडे तोंड करून बोलले. "डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. तिनं फेकून दिला. म्हणे, खेळायला मी काय कुकुलं बाळ आहे का, कामाचं काही असलं तर सांगा. आता हिला काय काम देणार? म्हणून शटर. जितक्या खेपा मी करीन, तितक्यांदा ती दाबील. अट एवढीच, मी हात लावायचा नाही."

काडेपेटी, कोथिंबीर, लिंबू, मिरच्या. माझ्या डोळ्यांसमोरून गाडीच्या सगळ्या खेपा एकामागून एक गेल्या, आणि प्रत्येक खेपेला मी कुंपणापाशी उभी राहून काय काय बोलले तेही. मी मुकाट्यानं रिमोट सिंधूबाईंच्या मुठीत परत ठेवला. बोटं उघडायला मला जोर लावावा लागला. तीन आठवडे. पळीभर पंचामृत.

"चला," मी म्हटलं, "धरते शिडी."

पाचवी वेळ. सहावी. सातवीला खैरनार मधल्या पायरीवर बसूनच राहिले, छातीवर हात ठेवून.

"राहू द्या ना आज," सिंधूबाई म्हणाल्या.

"मी काही थकलो नाही. तू थकलीस का?"

"मी कशाची थकते? मी तर बसेल हाय."

"मग झालं तर!"

आठवी. नववी. दहाव्या वेळी ते चढले तेव्हा शिडी लटलटत होती, की त्यांचे पाय, मला खालून कळेना. मी दोन्ही हातांनी शिडी आवळून, मान वर करून त्या डब्याकडेच बघत होते आणि येतील ती सगळी स्तोत्रं म्हणत होते. पंचामृत सोडून सगळं देवाला कबूल केलं.

"लागला दिवा. दाब वं, दाब!"

खट्.

शटर हललं. घरघरत, कुरकुरत, इंचाइंचानं वर गेलं आणि बाहेरचं ऊन आधी सिंधूबाईंच्या पावलांवर, मग मांडीवर आलं. खैरनार वरच थांबले होते, शिडीच्या टोकाला, डोकं मोटारीला टेकून. बऱ्याच वेळानं उतरले. चष्मा पुसला. फळीवरची पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या कागदावर, कोऱ्या जागेत, एकशेवीसच्या रेघेवर टिंब दिलं. मग एक पाऊल मागे येऊन ते टिंब बघितलं.

"पास," म्हणाले. आणि लगेच, जणू काहीच झालं नाही अशा आवाजात, "घरात कोथिंबीर नाही वाटतं. घेऊन येतो."

ताडपत्री काढली, गाडी सुरू केली आणि गेले. मी शिडी भिंतीला लावली, पदरानं डोळे पुसले आणि सिंधूबाईंच्या पायांशी बसले. त्यांची माफी मागायची होती. शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत कान देऊन ऐकला, मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाल्या :

"ताई, ह्यांना सांगू नका. डाव्या हातानं दाबलं मी. किती येळा चढतीन बिचारे? उजव्यानं उद्या दाबीन."